बोलतो भरपूर, लिहायला मात्र बसत नाही

गोव्यातल्या डिचोली तालुक्यामधल्या एका आईचं पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

"माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. गावातल्या सरकारी मराठी शाळेत तिसरीला जातो. घरी आम्ही कोकणी बोलतो. दिवसभर त्याच्या तोंडाची टकळी चालू असते, पण वही काढ म्हटलं की पोटात दुखतं, तहान लागते. 'लेखनाकडे लक्ष द्यावे' असा शेरा शाळेतून दोनदा आला. म्हणून मी रोज संध्याकाळी त्याला एक पान शुद्धलेखन घालते. पान संपेपर्यंत आम्ही दोघंही रडकुंडीला येतो. अक्षर वेडंवाकडं, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही आणि मध्येच कोकणी शब्द घुसतात. जाऊबाई म्हणतात, घरात कोकणी बंद करा, मराठीच बोला. नवरा म्हणतो, पाचवीपासून इंग्रजीच येणार, मग आता एवढा जीव कशाला काढायचा? 'आमच्या गावची जत्रा' या विषयावर त्याने जे लिहिलं ते सोबत पाठवते. मी काय करू?"

सोबतच्या कागदावर मुलाच्या ओळी आहेत: "आम्ही जात्रेक गेलो. आजीन म्हाका फुगो घेतलो. फुगो फुटलो. मी रडलो ना."

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुलाच्या त्या चार ओळींपासूनच सुरुवात करते. त्या मी मोठ्याने वाचल्या आणि मला फार आवडल्या. जत्रेवर लिही म्हटल्यावर या वयाची पुष्कळ मुलं देवळाची रोषणाई, खाज्याची दुकानं, गर्दी आणि शेवटी 'मला खूप मजा आली' असं लिहून मोकळी होतात, कारण मोठ्यांना तेच हवं असतं हे त्यांनी ओळखलेलं असतं. तुमच्या मुलाने तसं केलेलं नाही. सगळ्या जत्रेतून त्याने एक फुगा उचलला. तो कुणी घेऊन दिला, त्याचं काय झालं आणि आपण त्यावर कसे वागलो, एवढंच सांगितलं. सुरुवात आहे, घटना आहे, शेवट आहे. फुगा फुटल्यावर आपण रडलो नाही हे एखाद्या मुलाने मुद्दाम लिहावं, यात किती काय आलं! रडू आलं होतं का, आजीने पाहिलं का, बाजूला कोण होतं, असं त्याला विचारावंसं वाटतं. वाचणाऱ्याला पुढे विचारावंसं वाटेल असं ज्याला लिहिता येतं, त्या मुलाला लिहिता येत नाही असं मी तरी म्हणणार नाही.

त्या कागदावर लाल पेनाचे गोल मात्र प्रत्येक ओळीवर आहेत आणि फुग्याबद्दल एक शब्दही नाही. तुम्ही हे काळजीपोटीच केलंत. पण जरा त्याच्या जागी बसून बघा. त्याने स्वतःच्या आयुष्यातली एक मोठी गोष्ट सांगितली आणि समोरून उत्तर आलं की 'जात्रेक' नव्हे, 'जत्रेला'. पुढच्या वेळी तो कमी सांगेल. त्याच्या पुढच्या वेळी पोटात दुखेल, आणि ते दुखणं खोटंही नसेल.

आता मूळ अडचण. लिहिताना मूल एकाच वेळी दोन वेगळी कामं करत असतं. काय सांगायचं ते मनात जुळवणं हे एक, आणि ते अक्षरांत उतरवणं हे दुसरं. आपल्याला दुसऱ्याची इतकी सवय झालेली असते की त्याला कष्ट पडतात हेच आपण विसरतो. 'चित्र' हा साधा शब्द घ्या. कानाला आधी च ऐकू येतो, कागदावर मात्र वेलांटी त्याच्या आधी उभी राहते. मग त्र: त आणि र एकत्र, पण नेहमीचा र त्यात कुठे दिसतच नाही. हाच र 'सूर्य'मध्ये डोक्यावर चढतो, 'चक्र'मध्ये पायाशी तिरका होतो, 'राष्ट्र'मध्ये खाली दोन पाय पसरून बसतो. हे सगळं आठवत, रेघ सांभाळत, पेन्सिल दाबत तो शब्द पुरा करतो, तोवर मनातलं वाक्य निसटून गेलेलं असतं. म्हणून दिवसभर लांबलचक गोष्टी सांगणारं मूल वहीत चार-चार शब्दांची वाक्यं लिहितं. तुमचा मुलगा आळशी नाही. त्याचा हात जिभेच्या बराच मागे आहे, आणि तिसरीत पुष्कळांचा असतो.

यावर माझा उपाय असा, की ही दोन कामं काही महिने वेगळी ठेवा. हाताचा सराव हाताचा, सांगण्याचा सराव सांगण्याचा.

सांगण्यासाठी तुम्ही त्याच्या लेखनिक व्हा. एक कोरी, बिनरेघी वही आणा. रोज दहा मिनिटं तो सांगेल आणि तुम्ही लिहाल. शाळेतली मारामारी, शेजारच्या मांजरीची पिल्लं, पावसात बंद पडलेली बस, काहीही. तो सांगेल तसंच लिहा. कोकणी सांगितलं तर कोकणी, अर्धं-अर्धं सांगितलं तर अर्धं-अर्धं. तुमच्या मनात चांगलं वाक्य येईल, पण ते घालू नका. लिहून झालं की ओळीखाली बोट फिरवत त्याला वाचून दाखवा. थोड्या दिवसांत तो तुम्हाला थांबवू लागेल: "तसं नाही, आधी पाऊस आला, मग बस बंद पडली." त्या क्षणी तो स्वतःचं लिखाण सुधारत असतो. गोष्ट कुठून सुरू करावी, आधी काय आणि मागून काय, वाक्य कुठे संपवावं, हे सगळं तो पेन्सिल न धरता शिकतो. वही भरत जाईल तसं शेवटचं एक वाक्य त्याच्या हातात द्या: "मी दमले, हे एवढं तू लिही." मग शेवटची दोन. घाई करू नका. काही मुलं आठवड्यात पेन्सिल हिसकावून घेतात, काहींना दिवाळी उजाडते.

मोबाइलला सांगून मराठी मजकूर उमटवता येतो हे मला माहीत आहे, आणि कधीतरी गंमत म्हणून ते करायला हरकत नाही. पण आई समोर बसून आपला शब्द न् शब्द ऐकते आणि तो तिच्या हातून कागदावर उतरतो, हे मुलाने डोळ्यांनी बघण्यात फार मोठी गोष्ट आहे. शिवाय तुमची अक्षरं कशी वळतात, हात कुठे उचलला जातो, हे तो बघत असतो. आपल्या घरांत आता मोठी माणसं हाताने लिहिताना दिसतच नाहीत. मुलांना वाटतं, लिहिणं ही फक्त मुलांनाच दिलेली शिक्षा आहे.

रोजचं एक पान शुद्धलेखन मात्र उद्यापासून थांबवा. जुन्या वहीतलं कुठलंही पान काढून बघा. वरच्या चार-पाच ओळी बऱ्या असतील, खाली येता येता अक्षर पसरलेलं असेल. म्हणजे पानाच्या खालच्या अर्ध्या भागात तो वाईट अक्षराचाच सराव करतो आहे, तोही रोज. त्याऐवजी दुरेघी वहीत पाचच ओळी, आणि त्यातला सगळ्यात चांगला जमलेला शब्द त्याने स्वतः शोधून त्यावर खूण करायची. चांगलं अक्षर कोणतं हे त्याच्या डोळ्याला कळलं की हात मागोमाग येतो. वेळही बदला. दिवसभर शाळा आणि खेळ झाल्यावर, जेवणाआधी भुकेला असताना कुणाचंही अक्षर वळत नाही.

अक्षरं घटवायची तर क, ख, ग या क्रमाचा आग्रह नको. हाताच्या वळणाने गट करा: ग, म, न, त एका बैठकीत, व, ब, क दुसऱ्या, प, ष, फ तिसऱ्या, ट, ठ, ढ, द चौथ्या. एक वळण बसलं की चार अक्षरं बसतात. शब्दांमध्ये अंतर राहत नसेल तर शिरोरेषेचा उपयोग करा. शब्दातली सगळी अक्षरं आधी लिहायची, मग तो शब्द मोठ्याने म्हणत एका दमात वरची रेघ ओढायची, हात उचलायचा, बोटाएवढी जागा सोडायची आणि मगच पुढचा शब्द. आणखी एक बारीकशी गोष्ट: महाराष्ट्र शासनाने 2009मध्ये ल आणि श यांचं एकेक वळण मराठीसाठी प्रमाण ठरवलं, पण पाट्यांवर, हिंदी पुस्तकांत आणि संगणकाच्या अक्षरांत दुसऱ्या वळणाचे ल आणि श सर्रास दिसतात. मुलाने कधी एक, कधी दुसरा काढला तर रागावू नका. बाई शाळेत जो शिकवतात तो धरून चला.

हातातली ताकद वहीत येत नाही, ती स्वयंपाकघरात आणि अंगणात येते. कणीक मळणं, लसूण सोलणं, अबोलीची फुलं दोऱ्यात गुंफणं, चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी मातीचा उंदीर करून बघणं, ही सगळी तीन बोटांची आणि मनगटाची कामं आहेत. मुलगा आहे म्हणून अबोली गुंफायला संकोच करू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला आणि 1957पासून कोसबाडला जे बालशिक्षणाचं काम उभं केलं, त्यात पानं, बिया, शंख-शिंपले हीच साधनं होती. पैसे घालून काही आणावं लागत नाही. बोटाने अंगणातल्या तांबड्या मातीत धुळाक्षरं काढणं, भिंतीवर टांगलेल्या फळ्यावर खडूने मोठी अक्षरं काढणं, यात खांद्यापासून हात चालतो, आणि खांदा स्थिर झाल्याशिवाय बोटं स्थिर होत नाहीत. लिहिताना पाय टेकलेले हवेत. खुर्चीवर लोंबकळत असतील तर सरळ जमिनीवर पाट-चौरंग घ्या. मुलगा डावखुरा असेल तर तो हात बदलू नका, फक्त वही उलट बाजूला तिरकी ठेवायला शिकवा.

आता जाऊबाईंचा सल्ला. त्या चांगल्या मनाने सांगतात, पण घरातली कोकणी बंद करू नका. मी हे ठासून सांगते. तुमचा मुलगा विचार कोकणीत करतो, आजीशी कोकणीत भांडतो, फुगा फुटला तेव्हा मनात जे आलं तेही कोकणीतच आलं. ती भाषा तुम्ही घरातून काढलीत तर मराठी वाढणार नाही, सांगण्यासारखं जे आहे तेच कमी होईल. गोव्यात घरी एक आणि कागदावर दुसरी, ही काही आजची गोष्ट नाही. पणजीच्या पाट्टोवरच्या राज्य मध्यवर्ती वाचनालयाला ज्याचं नाव आहे त्या कृष्णदास शामाने 1526 साली मराठीत ओव्या रचल्या. बाकीबाब बोरकरांनी मराठी आणि कोकणी दोन्हींत कविता लिहिली आणि दोन्ही ठिकाणी ते तितकेच मोठे झाले. दोन भाषांमुळे त्यांचं काही अडलं नाही. शिवाय तुमच्या मुलाचं एक काम सोपं आहे: शाळेतली मराठी देवनागरी आणि 1987च्या राजभाषा कायद्यातली कोकणीही देवनागरी, म्हणजे हाताला दोनदा शिकावं लागत नाही.

मग वहीत आलेल्या 'जात्रेक'चं करायचं काय? ती चूक म्हणून खोडू नका, जोडी म्हणून शिकवा. एका छोट्या वहीत दोन रकाने करा. एकात आजीला सांगताना कसं म्हणशील, दुसऱ्यात बाईंना सांगताना कसं लिहिशील. जात्रेक आणि जत्रेला, म्हाका आणि मला, फुगो आणि फुगा, आंबो आणि आंबा, घोडो आणि घोडा. आठ-दहा जोड्या झाल्या की थांबा आणि त्यालाच विचारा, काही दिसतं का? आजीच्या ओ चा बाईंकडे आ होतो हे तो स्वतः शोधून काढेल. स्वतः शोधलेला नियम मूल विसरत नाही, उलट घरभर सगळ्यांना तपासत फिरतं.

एका पानावर एकच दुरुस्ती, हा नियम मनाशी घट्ट धरा. कोणती निवडायची? वाचणाऱ्याची दिशाभूल करणारी. तुमच्या मुलाच्या कागदावर मी 'फुगो'ला हात लावणार नाही, कारण तो कुणालाही कळतो. पण 'मी रडलो ना' हे पुण्याच्या मावशीने वाचलं तर तिला वाटेल की पोरगा रडला आणि वर ते कबूलही करतो. त्याला तर नेमकं उलट सांगायचं होतं. हे त्याला असंच सांगा: "तू रडला नाहीस ना? मग मावशीला उलटंच कळेल बघ. काय करायचं?" तो स्वतः 'रडलो नाही' करेल, आणि दुरुस्ती कशासाठी करायची हेही त्याला त्यातून कळेल. मार्कांसाठी केलेल्या वीस दुरुस्त्यांपेक्षा मला ही एक जास्त मोलाची वाटते.

आणि दुरुस्तीच्या आधी, दर वेळी, न चुकता, जे लिहिलं आहे त्याबद्दल बोला. 'छान', 'शाब्बास' एवढ्याने भागत नाही. मुलांना ते पोकळ आहे हे लगेच कळतं. ज्याने वाचलंय त्यालाच पडेल असा प्रश्न विचारा. फुगा कुठल्या रंगाचा होता? कसा फुटला? आजी काय म्हणाली? तो भडाभडा सांगू लागला की म्हणा, "हे तर कागदावर नाहीच. यातलं एक वाक्य घालूया का?" एकच. पुढच्या वेळी तो आपणहून घालेल, कारण तुम्ही काय विचारणार हे त्याला माहीत असेल.

ऱ्हस्व-दीर्घाबद्दल तुम्हाला फार चिंता वाटते, पण ती थोडी बाजूला ठेवा. मराठी बोलताना आपण ऱ्हस्व आणि दीर्घ वेगळे उच्चारतोच असं नाही, म्हणून नुसत्या कानावर विसंबून ते येत नाही. मोठ्या माणसांचंही चुकतं. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम 1962मध्ये चौदा होते, 1972मध्ये आणखी चार आले. एकूण अठरा. त्यातले तिसरीला दोन पुरेत. पहिला: शब्दाच्या शेवटी इकार-उकार आला की तो दीर्घ, जसं मी, ती, पाणी, वाळू, चाकू. 'आणि' हा नेहमीचा अपवाद, तो पाठच करायचा. दुसरा: फूल, दूध, मीठ, खीर यांत शेवटचं अक्षर अकारान्त, म्हणून त्याच्या आधीचं दीर्घ, पण फूलचं फुलं झालं, की शेवटी वजन गेलं आणि फु ऱ्हस्व झाला. सुरी, किडा, मुळा हे त्याच रांगेतले. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द सध्या बाजूला ठेवा. एक नियम दोन-तीन आठवडे घोळू द्या. बाकीचे सोळा पळून जात नाहीत.

तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेख नाही आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुमचा मुलगा कुणासाठी लिहितो? वही बाईंसाठी, शुद्धलेखन आईसाठी, आणि दोघीही वाचतात त्या चुका काढायला. ज्याला त्या लिहिण्याची खरोखर गरज आहे असा माणूस त्याच्या वाटेत अजून आलेला नाही. तो घरातच उभा करता येतो, आणि आपल्या गोव्यातल्या घरांत तर वर्षभर संधी आहेत.

चवथ घ्या. माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळा-पानांच्या मंडपीचं, सामान आणायला घरातलं कुणीतरी बाजारात जाणारच. ती यादी या वर्षी मुलाच्या हातची. आजी सांगेल, तो लिहील: निरफणस, तोरिंगां, आंबाडे, चिबूड, कवंडळ, कांगलां, सुपारीचं शिपटं. यातल्या नावांना मराठी प्रतिशब्द शोधत बसू नका, जसं घरात म्हणतात तसंच लिहू दे. यादी घेऊन बाबा जातील आणि एखादी वस्तू अक्षर न लागल्याने राहिली, तर त्यासाठी कुणालाच काही बोलावं लागणार नाही. पुढची यादी आपोआप सुवाच्य होईल. आजीच्या पातोळ्यांची कृतीही अशीच लिहून घ्या. "थोडं मीठ" म्हणजे किती, हे आजीला विचारून विचारून तो बेजार करेल, आणि नेमकं लिहिणं म्हणजे काय ते शिकेल. हळदीचं पान कोणत्या बाजूने घडी घालायचं हे शब्दांत सांगणं मोठ्यांनाही जड जातं. तो अडला तर चित्र काढू दे. चित्र हाही या वयातल्या लिखाणाचाच भाग आहे. लिहिण्याआधी चित्र काढणाऱ्या मुलाला गोष्ट हातात धरून ठेवायला आधार मिळतो.

गावच्या नाटकाचा उपयोग करून घ्या. जत्रेच्या, उत्सवाच्या तालमी सुरू झाल्या की प्रत्येकाला आपापली नक्कल, म्हणजे आपल्या संवादांची उतरून घेतलेली प्रत, लागते. आता झेरॉक्स काढतात हे खरं, पण ज्या काकाचं काम चार-पाच वाक्यांचं आहे त्याची नक्कल तुमच्या मुलाने मोठ्या अक्षरांत उतरून द्यावी. शुद्धलेखनच ते, पण काका ते हातात घेऊन तालमीला उभा राहणार, आणि नाटकाच्या रात्री आपण लिहिलेलं वाक्य लोकांसमोर मोठ्याने बोललं जाताना मूल ऐकणार. मराठी संवादांचं वळण त्याच्या कानात बसतं ते वेगळंच. आपल्या पुष्कळ गावांत मराठी लोकांच्या तोंडात राहिली ती रंगभूमीमुळे आणि भजनामुळे. मुलाला तालमीला घेऊन जा, झोप आली तर येऊ दे.

रोजच्यासाठी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हिशेब त्याच्याकडे द्या. आज किती उंडे, किती पोळे, दिले की द्यायचे राहिले, हे दिनदर्शिकेच्या चौकोनात लिहायचं. मोजकी जागा, रोजचं काम, आणि महिन्याच्या शेवटी पैसे त्याच्या आकड्यांवरून द्यायचे. मुंबईला किंवा आखातात कुणी मामा-काका असेल तर महिन्याला एक पत्र. पोस्टकार्ड मला आवडतं, कारण जागा थोडी असते, मूल घाबरत नाही. मामाला फोन करून आधीच सांगून ठेवा की उत्तर लिहूनच द्यायचं, आणि उत्तरात निदान दोन प्रश्न विचारायचे. ज्या मुलाच्या पत्राला उत्तर येत नाही, ते मूल पुन्हा लिहीत नाही.

वाचनाबद्दल थोडक्यात. रात्री झोपताना तुम्ही किंवा त्याच्या बाबांनी मोठ्याने वाचून दाखवायचं, त्याला स्वतः वाचता येत असलं तरी. लिखाणातली वाक्यं बोलण्यातल्या वाक्यांहून वेगळी असतात आणि ती कानातूनच आत जातात. घरी येणाऱ्या मराठी वर्तमानपत्रातला गावचा एखादा बातमीचा तुकडाही चालेल. पणजीला जाणं झालं तर पाट्टोच्या वाचनालयात त्याला बालविभागात तासभर सोडा. ते 1832 साली सुरू झालेलं वाचनालय आहे, एवढं त्याला सांगा, मुलांना जुन्या गोष्टींचं अप्रूप असतं.

तुमच्या मिस्टरांचा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीपासून बहुतेक सगळं इंग्रजी, हे तर आहेच. पण वाचणाऱ्याला काय माहीत नाही ते ओळखणं, गोष्ट क्रमाने सांगणं, लिहिलेलं परत वाचून बघणं, नको ते वाक्य काढून टाकणं, ही कसबं एका भाषेत आली की दुसरीत सोबत जातात. पाचवीत त्याला नवीन शब्द शिकावे लागतील, नवीन स्पेलिंगं शिकावी लागतील. ज्याला आपल्या भाषेत दहा ओळी मनातून लिहिता येतात, त्याला इंग्रजीत निबंध पाठ करून ओकावा लागत नाही. ज्याला त्या येत नाहीत तो दोन्हीकडे पाठच करत राहतो. त्याच्या बाबांनाही या कामात घ्या. पोदेराचा हिशेब आणि माटोळीची यादी त्यांच्याकडे द्या.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या, घाबरून न जाता. सहा-आठ महिने असं शांतपणे करूनही तो ओळखीची अक्षरं सतत गाळत असेल, उलटी काढत असेल, फळ्यावरून उतरवताना ओळच हरवत असेल, चार शब्दांत हात दुखतो म्हणत असेल, किंवा वाचतानाही तेवढाच अडखळत असेल, तर आधी डोळे तपासा. डोळे ठीक असतील तर शाळेत विशेष शिक्षकाची व्यवस्था आहे का ते विचारा, आणि गरज वाटल्यास बांबोळीच्या गोमेकॉमध्ये (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) बालरोग विभागात दाखवा. काही हुशार, बोलक्या मुलांना लेखनाची किंवा वाचनाची खास अडचण असते. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिची नोंद आहे आणि तपासणीनंतर परीक्षेत सवलती मिळू शकतात. तुमच्या पत्रावरून मला तसं वाटत नाही, पण पत्रावरून असं काही ठरवताही येत नाही.

बाईंना एकदा भेटून या. शेरा त्यांनी लिहिला म्हणजे मुलाकडे त्यांचं लक्ष आहे. तुम्ही शुद्धलेखनाचं पान का थांबवलंत ते त्यांना सांगा, त्याने सांगितलेल्या आणि तुम्ही लिहून घेतलेल्या गोष्टींची वही दाखवा, आणि वर्गात एखादं भित्तिपत्रक किंवा हस्तलिखित निघत असेल तर त्यात फुग्याची गोष्ट घ्याल का, असं विचारा. जाताना वही न्या, मुलाला नेऊ नका.